सायलेन्सरला लागला हात

माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटं वर, तीन सरळ रेघा आहेत. तिन्ही सारख्या लांबीच्या, मधलं अंतरही सारखं. खाचांच्या उलथन्याला ज्या पट्ट्या असतात ना, त्या तशाच्या तशा उठल्यात. सप्टेंबर 2024 मध्ये त्या ताज्या असताना मी गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो आणि सांगितलं, "सायलेन्सरला लागला हात."

डॉक्टर जुने, वडलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी चष्म्यावरनं एकदा हाताकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "सायलेन्सर पोटरीला भाजतो रे. हात कसा काय गेला तिथं?"

"गाडी पडली होती. उचलताना."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मलम दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि केसपेपरवर 'सायलेन्सर बर्न' असं लिहिलं.

माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, कामाला तीन पोरं. शाळेत असताना पाच वर्षं तालमीत गेलो, अंगानं अजून बरा आहे. हे सांगायचं कारण असं, की पुढं मी ज्या ज्या टेबलासमोर उभा राहिलो तिथं आधी माझं अंग बघितलं गेलं आणि मग जखम.

बायकोशी भांडण कशावरनं झालं ते लिहिणार नाही. कारण सांगितलं की ऐकणारा लगेच तराजू काढतो. एका पारड्यात उलथनं, दुसऱ्यात मी काय बोललो ते. मूल नाही आम्हाला. त्यावरनं लोकांनी तिला काय काय ऐकवलं ते मला माहीत आहे, आणि मी तेव्हा गप्प बसलो तेही. तिची बाजू तिनं सांगावी. मी फक्त माझ्या अंगावर काय उमटलं आणि त्याची नोंद कशी झाली, किंवा झाली नाही, तेवढंच लिहितोय. अडीच-तीन वर्षं असं चाललं होतं. आधी वस्तू फेकणं, मग चिमटे, मग थपडा, आणि मग ते उलथनं.

दुसऱ्यांदा लपवता आलं नाही. डिसेंबरमध्ये एका रात्री तिनं ओट्यावरची सांडशी उचलली आणि डोक्यात मारली. कानाच्या वर फुटलं. आई आतल्या खोलीत होती. तिनं बाहेर येऊन बघितलं आणि माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, फोन लावला. आक्का पंधरा मिनिटांत रिक्षा घेऊन आली. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "दारात पडलो म्हणून सांगू."

ती म्हणाली, "मी बाथरूममध्ये पडले म्हणून सांगितलं होतं. पडायला आपल्या घरात जागा लई हाय."

सरकारी दवाखान्यात चार टाके पडले. टाके घालणारी डॉक्टर पोरगी पंचविशीची असेल. तिनं विचारलं, "कुणी मारलं?" मी आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, "सांग की." मी सांगितलं. पोरीनं मान वर केली नाही, टाक्याचा दोरा ओढला आणि म्हणाली, "एमएलसी करावी लागेल." म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद. कागदावर इंग्रजीत लिहिलं, अलेज्ड असॉल्ट बाय वाईफ. कसल्या वस्तूनं, किती वाजता, जखम किती सेंटिमीटर. सहा महिन्यांत मला सरळ प्रश्न विचारणारी ती पहिली.

दवाखान्यातल्या चौकीतल्या पोलिसानं तो कागद वाचला आणि विचारलं, "वाईफ, का वाईफचा भाऊ?"

"वाईफ."

"एकटीनं?"

तिथनं आमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात. कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. रात्रीचा दीड वाजला होता. ठाणे अंमलदार पन्नाशीतले, बोलायला गोड. त्यांनी आधी आक्काला खुर्ची दिली. त्यांना वाटलं तक्रार तिचीच आहे, मी सोबत आलेला भाऊ. माझ्या डोक्याला पट्टी होती, शर्टवर रक्त होतं, तरी. "बोला ताई, काय झालं?"

आक्का म्हणाली, "मला काही नाही झालं. ह्याला झालंय."

मग सगळं ऐकल्यावर ते हसले. वाईट हसले नाहीत, हे मला आजही सांगावंसं वाटतं. आपण गल्लीत कट्ट्यावर हसतो तसं हसले. "पाव्हणं, कोल्हापूरचा गडी तुम्ही. तालमीत गेलाय म्हणता. आणि सांडशी?" शेजारच्या टेबलावरचा पोरगा तोंडावर रुमाल धरून उठून गेला. चहा मात्र लगेच मागवला. तो चहा मी प्यालो. आक्कानं घेतला नाही.

जुलै 2024 पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झालेली, कलमं अजून कुणाच्या तोंडात बसली नव्हती. अंमलदारांनी काचेखालचा तक्ता बघितला. जुनं 323 ते आता 115, पोटकलम 2. साधी दुखापत. एक वर्ष किंवा दहा हजार रुपये दंड. अदखलपात्र, म्हणजे एनसी. एनसी म्हणजे नोंद करून घ्यायची, नक्कल हातात द्यायची, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही.

आक्काला कलमं पाठ आहेत. का, ते पुढं येतंय. ती म्हणाली, "चार टाके हायत. 118 का लागत न्हाई?"

"ते शस्त्राला लागतं ताई. सांडशी कुठलं शस्त्र? रोज दूध उतरवतोय आपण तिनं."

यावर वकील लोक वाद घालू शकतात, घालतातही. जीव जाऊ शकेल अशा रीतीनं वापरलेलं साधन म्हणजे काय, यावर दोन बाजू निघतात. पण त्याच कलमात आग किंवा तापलेल्या वस्तूनं केलेली इजा स्पष्ट लिहिलेली आहे, आणि ती दखलपात्र आहे. म्हणजे सप्टेंबरचं उलथनं सरळ त्या कलमात बसत होतं. आक्कानं माझी बाही वर केली. अंमलदारांनी रेघा बघितल्या, ह्या वेळी हसले नाहीत. "ह्याचा कागद?"

कागद होता. त्यावर सायलेन्सर बर्न लिहिलं होतं, माझ्याच सांगण्यावरनं.

शेवटी एनसी झाली. मी विचारलं, "सांडशी जप्त करणार का?" ते म्हणाले, "एनसीत जप्ती नसती, पंचनामा नसतोय. सांडशी घरीच राहू दे." आणि जाताना, अगदी काळजीनं, दारापर्यंत येऊन सांगितलं, "जास्त वाढवू नका. उद्या त्यांनी 498 टाकली तर तुम्ही, आई, ह्या ताई, सगळी आत." 498 म्हणजे सासरच्या छळाचं कलम. नवीन संहितेत ते आता कलम 85 आहे, पण 498 हा आकडा लोकांच्या जिभेवरनं जायला अजून एक पिढी लागेल.

आता आक्काचं. 2011 च्या पावसाळ्यात ती रात्री साडेनवाला इचलकरंजीहून एकटी एसटीनं आली होती. गाल सुजलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. वडील जिवंत होते. आईनं हळद लावली. वडील म्हणाले, "सकाळी बघू." सकाळी काय बघितलं? मी आणि वडील तिला परत सोडून आलो. मी सत्तावीस वर्षांचा होतो, अडाणी नव्हतो, आयटीआय झालेला. तिला गाडीत म्हटलं होतं, "तू पण उलटं बोलतीस आक्का, जरा गप राहत जा." तिच्या सासरच्या गावातल्या पोलिसांनी तिला त्याआधी सांगितलं होतं, नवरा-बायकोचं भांडण, सकाळपर्यंत मिटतंय. म्हणजे पोलीस आणि मी एकच वाक्य बोललो होतो.

2013 मध्ये ती स्वतःच उठली. संरक्षण अधिकाऱ्याकडं गेली, कौटुंबिक घटनेचा अहवाल भरला, 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला. त्या कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. तिला अंतरिम पोटगीचा हुकूम मिळायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत तिनं कायदा वाचून काढला, आणि मी तिला एकदाही कोर्टात सोडायला गेलो नाही. दुकानात काम होतं.

त्या रात्री ठाण्यातनं बाहेर पडल्यावर रंकाळ्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभे होतो. मी म्हटलं, "आक्का, 2011 ला..." ती म्हणाली, "आधी घरी चल. थंडी लई हाय."

वकीलबाई आक्काच्याच. साठीच्या, नऊवारी नव्हे पण कडक इस्त्रीची सुती साडी, भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो. आक्काला तेव्हा वकील मोफत मिळाला होता. 1987 च्या कायद्यानुसार बाईला उत्पन्न न विचारता विधी सेवा मिळते. मला उत्पन्नाची अट होती, महाराष्ट्रात तीन लाखांची, आणि माझ्या जीएसटीच्या कागदांनी ती ओलांडली होती. ह्यात मला काही अन्याय वाटत नाही. फी परवडत होती, दिली.

मी जाऊन बसलो आणि मित्रांनी शिकवलेलं सगळं बोलून टाकलं. कायदा बायकांच्याच बाजूचा, पुरुषाला कुणी वाली नाही, 498 चा गैरवापर, वगैरे. बाईंनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता माझं ऐका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं 2019 ते 21 मध्ये. महाराष्ट्रात लग्न झालेल्या दर चार बायकांतल्या एकीनं सांगितलं, नवऱ्याकडनं हिंसा झाली. त्यांतल्या किती जणी माझ्यासमोरच्या खुर्चीत येतात? हाताच्या बोटांवर. त्यामुळं कायदा कुणासाठी झाला हे मला विचारू नका. आणि तुमच्या डोक्यात चार टाके आहेत, हेही मला दिसतंय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बोला."

मी विचारलं, पुरुषांचा आकडा किती? त्या म्हणाल्या, "त्या सर्वेक्षणात तो प्रश्न पुरुषांना विचारतच नाहीत."

मग त्यांनी कायद्यांचा पट मांडला. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात 'पीडित व्यक्ती' म्हणजे बाईच. मी त्यात अर्जदार होऊ शकत नाही, कितीही टाके पडले तरी. पण समोरचा पक्ष आधी फक्त प्रौढ पुरुष होता, ते शब्द सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये काढून टाकले. म्हणजे आता बाईविरुद्धही अर्ज होतो, फक्त करणारी बाई पाहिजे. त्यांनी विचारलं, "आईंना कधी हात लावला तिनं? ढकललं? शिव्या?"

ढकललं होतं. दोनदा.

"मग अर्ज आईंच्या नावानं टाकू. संरक्षणाचा हुकूम मिळू शकतो. त्याच घरात, त्याच माणसापासून. तुम्हाला नाही, त्यांना."

मी घरी येऊन आईला सांगितलं. आई कपाळाला हात लावून बसली. "सुनेवर केस घालणारी सासू? लोक काय म्हणतील मला? सासूच छळत असंल म्हणतील." आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्या गल्लीत म्हटलंच असतं. मीही म्हटलं असतं, दुसऱ्याच्या घरचं असतं तर. अर्ज टाकला नाही.

अटकेची भीती मात्र बाईंनी बऱ्यापैकी काढली. 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून अशा गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट उचलायचं नसतं, आधी नोटीस द्यायची, अटकेची गरज काय ते लिहून ठेवायचं. "उचलतच नाहीत असं नाही," त्या म्हणाल्या, "पण अंमलदार म्हणाला तसं सगळी आत, असंही नाही. त्या भीतीनं लोक जखमा लपवतात आणि मग माझ्याकडं सायलेन्सरचे कागद घेऊन येतात."

निघताना त्यांनी फोटोकडं बोट केलं. "ह्यांनी 1919 ला ह्या संस्थानात बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला. देशात 498 यायला 1983 उजाडलं. आपण भाषणात सांगतो, छाती पुढं काढून. आणि तुमची बहीण इथनंच परत पाठवली होती ना?" मी मान हलवली. आक्का मोबाईलमध्ये बघत होती.

जानेवारीत बायको माहेरी गेली आणि तिथनं पोलिसांच्या महिला कक्षात अर्ज केला. मला बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर आम्ही सात-आठ नवरे, प्रत्येकाच्या शेजारी कुणाची तरी आई. एकमेकांकडं न बघता बसायची सगळ्यांना सवय झालेली. मला पहिल्या दिवशी त्या बाकावर बसायचीच सगळ्यात जास्त लाज वाटली, कारण त्यांतले दोघंतिघं खरोखर मारणारे होते हे बघूनच कळत होतं, आणि त्यांना मीही बघून तसाच कळत असणार.

तिनं आत दोन्ही मनगटं दाखवली. मोबाईलमधला फोटोही होता, डिसेंबरच्या त्याच रात्रीचा. माझ्या बोटांच्या निळ्या खुणा. त्या खऱ्या होत्या. दुसरा घाव यायच्या आत मी तिचे हात धरले होते, आणि लेथवर काम करणाऱ्याच्या हातानं धरले होते. टेबलापलीकडच्या हवालदार मॅडमनी फोटो बघितला, माझे हात बघितले आणि लिहायला घेतलं. त्यांना एक प्रश्नही विचारावा लागला नाही. मी म्हटलं, "मॅडम, हे मी केलंय. पण का केलं ते विचारा." त्या म्हणाल्या, "सगळे असंच म्हणतात." खरंच असेल. बाकावरचे ते दोघंतिघं असंच म्हणाले असतील.

समुपदेशक वेगळ्या होत्या, तरुण, शांत. त्यांनी माझा दवाखान्याचा कागद पूर्ण वाचला. तिला विचारलं, "हे झालं होतं का?" ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "झालं. पण तो पुरुष आहे, त्याला काय होतंय?" हे ती माझ्यावर राग धरून बोलली नाही. तिला तसंच वाटत होतं. ठाण्यातल्या अंमलदारांना वाटत होतं तसंच. तालमीतल्या वस्तादांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं तसंच.

समुपदेशक मला म्हणाल्या, "झोप लागते का?" नाही लागत म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. कुठं लिहिता विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्याकडं अर्ज बाईचाच येतो, त्यामुळं रकाना नाही. सामनेवाल्याचं म्हणणं, ह्यात लिहिते." तीन बैठका झाल्या. समझोता झाला नाही, पण तिनं 85 ची फिर्यादही दिली नाही. त्या समुपदेशक नसत्या तर दिली असती असं मला वाटतं. तिच्या भावानं कागद तयार ठेवले होते.

मार्चमध्ये कौटुंबिक न्यायालयात मी घटस्फोटाचा अर्ज केला, क्रूरतेच्या कारणावरनं. हिंदू विवाह कायद्यात नवरा किंवा बायको दोघांनाही ते कारण 1976 पासून उघडं आहे. सगळ्या प्रवासात हाच एक कागद असा होता, ज्यावर मी कोण हे आधी विचारलं नाही. तारखांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी कोर्ट केलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी नाही केलं त्यांना सांगून पटणार नाही. ऑगस्टमधली एक तारीख लक्षात आहे. 18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, आणि त्या आठवड्यात कसबा बावड्याच्या कोर्टात जो तो त्याच आनंदात. वकीलबाईही पेढे घेऊन आल्या. माझी तारीख पुढं गेली. पेढा खाल्ला, चांगला होता.

दिवाळीनंतर दोन्हीकडच्या वकिलांनी बसून परस्पर संमतीचं ठरवलं. क्रूरतेचा अर्ज मागे, आरोप दोन्ही बाजूंनी मागे, एकरकमी पैसे, तिचं सामान परत. मला आधी राग आला, कारण आरोप मागे म्हणजे डोक्यातले टाके कुठंच नाहीत. बाईंनी विचारलं, "निकाल पाहिजे का सुटका?" एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी सही केली.

तिच्या वकिलांनी सामानाची यादी दिली. रुखवताची आणि लग्नातली भांडी, ओळीनं, नगासहित. पितळी डबे 5, तांब्याची घागर 1, पराती 2. आक्का वाचत होती, मी आणि आई काढून हॉलमध्ये मांडत होतो. एकतिसाव्या ओळीला आक्का थांबली. मग म्हणाली, "सांडशी, एक नग."

आई स्वयंपाकघरात गेली. सांडशी ओट्यावरच होती. ना कुणी जप्त केली होती, ना कुणी फेकून दिली. वर्षभर आई रोज सकाळी तिनंच दूध उतरवत होती. मला ते दिसत होतं आणि दिसत नव्हतं. आईनं ती घासली, पुसली, कागदात गुंडाळून परातीत ठेवली. तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला, त्यानं प्रत्येक नगापुढं बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. पोच माझ्याकडं आहे.

आई अजून पदरानंच पातेलं उतरवते. दोनदा सांगून झालं, दुसरी आण म्हणून. आज महाद्वार रोडला गेलो होतो, भांड्याच्या दुकानासमोर गाडीही लावली. मग वर्कशॉपमधनं फोन आला, जॉब अडकला होता, निघालो.